कै. जोसेफ कुमारप्पा आणि मद्याचा प्रश्न

वर्धा शहरातील मगनवाडीचे नाव आपल्या जिल्ह्यातील बहुतेक वाचकांच्या कानांवरून गेलेले आहे. परंतु त्या वाडीत ज्याने आपल्या आयुष्याची ऐन उमेदीची वर्षे वेचली तो गृहस्थ आपल्याच ख्रिस्ती समाजातील होता, ही गोष्ट खेड्यापाड्यांतील आपल्या बंधुभगिनींपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. त्याचे चरित्र आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहो. मद्यपानाचे जे दुखणे आपल्या कित्येक घरांस आणि मंडळ्यांस लागलेले आहे, त्यावर ह्या चरित्रातून पुष्कळ प्रकाश पडण्यासारखा आहे, म्हणूनच आम्ही ते निवडिले.

जोसेफ चेल्लादुराई कॉर्नेलियस ह्यांचा जन्म 4 जानेवारी 1892 रोजी तंजावर येथे एका भाविक ख्रिस्ती कुटुंबात झाला. वडील सरकारी बांधकाम खात्यात अधिकारी होते. आई एस्तेर ही धर्मशील बाई होती. घरात शिस्त कडक, प्रार्थना नित्याची आणि राहणी साहेबी थाटाची. जोसेफ तरुणपणी विलायतेस गेले, तेथे हिशेबतपासणीची विद्या शिकले आणि 1919 साली परत येऊन मुंबईत तो धंदा करू लागले. पैसा चांगला मिळत होता. पोशाख, बोलणे, खाणेपिणे सर्व विलायती होते. हा मनुष्य पुढे वर्ध्याच्या धुळीत खादीची आखूड वस्त्रे नेसून फिरेल असे त्या वेळी कोणी सांगितले असते, तर ऐकणाऱ्याने ते हसण्यावारी नेले असते.

1927 साली ते अमेरिकेस गेले. तेथे सिरॅक्यूज येथील विद्यापीठाची पदवी घेऊन पुढे न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठात त्यांनी अर्थशास्त्राचा अभ्यास केला. तेथील एका चर्चमध्ये हिंदुस्थान दरिद्री का आहे ह्या विषयावर त्यांनी व्याख्यान दिले होते. त्याची वार्ता वाचून त्यांच्या प्राध्यापकांनी, म्हणजे सेलिग्मन साहेबांनी, ह्याच प्रश्नाचा शोध सरकारी जमाखर्चाच्या आधारे करण्यास त्यांस सुचविले. हिशेबनीसाने देशाची वही उघडली. गरिबांच्या कष्टांतून उभा राहिलेला कर गरिबांच्या हितासाठी परत येत नाही, हे त्यांस त्या वहीत स्पष्ट दिसून आले, आणि त्यांचे मन पालटले. घराण्याचे जुने नाव कुमारप्पा हे त्यांनी पुन्हा धारण केले. प्रभूवरील निष्ठा मात्र त्यांनी आमरण सोडिली नाही.

आपला निबंध दाखविण्यासाठी ते 9 मे 1929 रोजी साबरमतीस गांधीजींकडे गेले. विलायती पोशाखातील हा तरुण गृहस्थ शेणाने सारविलेल्या जमिनीवर बसून बोलला, असे सांगतात. गांधीजींनी त्यांस गुजरातेतील खेडा जिल्ह्यात मातर तालुक्याची पाहणी करावयास धाडिले. घरोघर फिरून, कुळागणिक जमाखर्च लिहून, त्यांनी शेतकऱ्यांच्या दारिद्र्याचे चित्र आकड्यांत उभे केले. पुढे सत्याग्रहाच्या दिवसांत त्यांस तुरुंगवासही घडला. त्या काळी काही वरिष्ठ धर्माध्यक्षांस त्यांचा मार्ग पसंत नव्हता. तेव्हा कुमारप्पांनी त्यांस नम्रतेने पण स्पष्ट शब्दांत उत्तर दिले की, डोंगरावरील प्रवचन केवळ वाचावयाचे नसून त्याप्रमाणे चालावयाचे आहे, अशी आपली श्रद्धा आहे. 1934 साली बिहारात भूकंप झाला तेव्हा मदतनिधीचे हिशेब त्यांच्याकडे होते. त्या कामी त्यांची शिस्त इतकी कडक की, थोरामोठ्यांसाठीही ते नियम सैल करीत नसत.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात अखिल भारत ग्रामोद्योग संघ वर्ध्यास स्थापन झाला. शेठ जमनालाल बजाज ह्यांनी आपली बाग व इमारत त्यास दिली, आणि मगनलाल गांधी ह्यांच्या स्मरणार्थ तिचे नाव मगनवाडी असे पडले. संघाचा भार कुमारप्पांच्या खांद्यांवर आला. तेलघाणी, हातकागद, मधुमक्षिकापालन, साबण, जाते, हातसडीचा तांदूळ अशा साध्या साध्या उद्योगांची तेथे परीक्षा होई व खेड्यांतील तरुणांस शिक्षण मिळे. 30 डिसेंबर 1938 रोजी गांधीजींच्या हस्ते तेथील मगन संग्रहालय उघडले गेले. मध्यप्रांत सरकारने नेमलेल्या औद्योगिक पाहणी समितीचे अध्यक्षपदही कुमारप्पांनी सांभाळिले.

आता ज्या कामाचा आपल्या विषयाशी निकट संबंध आहे ते सांगतो. वर्ध्याच्या ओढ्यानाल्यांच्या काठी शिंदीची झाडे आहेत, आणि दक्षिणेत व कोकणपट्टीत ताडाची आहेत. ह्या झाडांस छेद देऊन रात्री जो रस मडक्यात उतरतो तो पहाटे ताजा असता गोड असतो. त्यास नीरा म्हणतात. तोच रस तसाच राहू दिला तर हवेतील व मडक्यातील सूक्ष्म किण्व त्यातील साखर खाऊन तिचा मद्यार्क करितात, आणि काही तासांत नीरेची ताडी होते. परंतु मडके आतून चुन्याने सारविले, रस सूर्योदयापूर्वी उतरविला आणि लगेच कढईत आटविला, तर त्याचाच उत्तम गूळ होतो. झाड तेच आणि छेद देणारा हातही तोच. चिमूटभर चुना व वेळेवर केलेला जाळ एवढ्यानेच शेवट निराळा होतो.

ताडगुळाचा हा उद्योग संघाने मनःपूर्वक हाती घेतला. त्यात दोन विचार होते. पहिला हा की, ऊस चांगल्या ओलिताच्या जमिनीत होतो, ती जमीन धान्यासाठी मोकळी राहावी, आणि पडीक जागेत आपोआप वाढणाऱ्या झाडांपासून गोडी मिळावी. दुसरा विचार आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. दारूबंदी केली म्हणजे ताडी काढणाऱ्याचे पोट कोणी भरावयाचे? त्याची मुले उपाशी ठेवून केलेली बंदी टिकत नाही. तो चोरून पुन्हा तेच करितो. त्याच्या हातातील कसब तेच ठेवून त्याच्या मडक्यातील पदार्थ बदलला, तर तो पापातून सुटतो व भाकरीसही मुकत नाही.

कुमारप्पांच्या दुसऱ्या एका कामाचाही येथे उल्लेख केला पाहिजे. गिरणीत पांढरा केलेला तांदूळ खाऊ नये, हातसडीचा खावा, असा संघाचा आग्रह असे. कारण तांदळाच्या कोंड्यात ब-1 नावाचे जीवनसत्त्व असते. ते गेले म्हणजे हातपाय बधिर होतात, सूज येते व हृदय दुबळे होते. आज वैद्यकास हे पक्के ठाऊक आहे की, नित्य दारू पिणाऱ्याच्या शरीरातही ह्याच जीवनसत्त्वाचा तुटवडा पडतो. तो पोटभर जेवीत नाही, आणि जे खातो त्यातील हे सत्त्व दारू अंगी लागू देत नाही. त्यामुळे डोळ्यांची हालचाल बिघडते, चाल अडखळते, स्मरणशक्ती ढासळते. वेळेवर उपचार न झाल्यास ते नुकसान भरून येत नाही. दारूने अंगात बळ येते असे म्हणणारे आपल्या गावांत पुष्कळ आहेत; त्यांनी हे ध्यानात घ्यावे.

बाकीची हानी थोडक्यात सांगतो. मद्यार्काचा निचरा करण्याचे काम मुख्यतः यकृतास करावे लागते. प्रथम त्यावर चरबी साठते. दारू सोडल्यास ती बहुधा उतरते. पुढे यकृतास सूज येते, आणि शेवटी ते कठीण व जखमांच्या वणांनी भरलेले होते. मग पोटात पाणी होते, कावीळ होते, रक्ताच्या उलट्या होतात. रक्तदाब वाढतो, स्वादुपिंड सुजते, क्षयरोगाचा धोका वाढतो. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, आतडे व स्त्रियांचे स्तन ह्यांच्या कर्करोगास मद्य कारण होते, असा निर्णय जागतिक संशोधन मंडळाने दिलेला आहे. गरोदर स्त्रीने घेतलेले मद्य गर्भातील बालकाच्या मेंदूस अपाय करिते. 2019 ह्या एका वर्षात मद्यामुळे जगात सुमारे 26 लक्ष माणसे मरण पावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब आहे. चोरट्या दारूत मिथेनॉल नावाचे विष मिसळलेले असेल, तर एका रात्रीत दृष्टी जाते किंवा प्राण जातो. 2015 साली मुंबईत मालवणी येथे अशा दारूने शंभरांहून अधिक माणसे दगावली.

कुमारप्पांच्या चरित्राकडे पुन्हा वळू. 1942 च्या लढ्यानंतर ते जबलपूरच्या तुरुंगात होते. तेथे त्यांनी दोन ग्रंथ लिहिले. एकात टिकाऊ अर्थव्यवस्थेचा विचार आहे. दुसऱ्यात प्रभु येशूचे आचरण व उपदेश ह्यांचे विवेचन आहे. दोन्ही 1945 साली प्रसिद्ध झाले. गांधीजींनी ते वाचून त्यांस ग्रामोद्योगाचे डॉक्टर आणि ईश्वरविद्येचे डॉक्टर अशा दोन पदव्या कौतुकाने बहाल केल्या. ह्या दोन पदव्या एका मनुष्याच्या ठायी एकत्र याव्या, ह्यातच त्याच्या आयुष्याचे सार आहे. त्यास प्रार्थना व तेलघाणी ह्या दोन निराळ्या गोष्टी वाटत नसत. ते अविवाहित राहिले. त्यांचे बंधु भारतन हेही मगनवाडीत त्यांच्याबरोबर काम करीत. पुढे जोसेफ कुमारप्पांनी आपल्याच जिल्ह्यातील सेलडोह येथे पन्नई आश्रम काढून शेतीचे प्रयोग केले. शेवटची वर्षे, प्रकृती खालावल्यामुळे, त्यांनी मदुरेकडील कल्लुपट्टी येथे घालविली. आणि 30 जानेवारी 1960 रोजी, गांधीजींच्या पुण्यतिथीच्याच दिवशी, ते प्रभूकडे गेले.

त्यांच्या मागे 1975 साली वर्धा जिल्ह्यात दारूबंदी झाली, आणि ती अद्याप कायम आहे. परंतु कायदा असूनही हातभट्टी पेटते, मोहाची फुले सडविली जातात, आणि आठवड्याच्या बाजारची मजुरी वाटेतच आटते, हे आपण सर्व जाणतो. ज्या मोहाच्या फुलाची भाकरी होते त्याचेच विष केले जाते. कायदा दुकान बंद करू शकतो; तहान व दारिद्र्य ही बंद करणे त्याच्या हाती नाही. ते काम मंडळीचे आहे.

कोणी म्हणतील की काना गावच्या लग्नात प्रभूने द्राक्षारस दिला, आणि पौलाने तीमथ्यास तो थोडासा घेण्यास सांगितले. हे खरे आहे. शास्त्रातील गोष्ट आम्ही झाकीत नाही. परंतु तीमथ्यास सांगितले ते पोटाच्या दुखण्यासाठी. त्यातून हातभट्टीची परवानगी निघत नाही. शिवाय दुर्बळ भावास ज्याने ठेच लागते ते टाकावे, हीही त्याच प्रेषिताची शिकवण आहे. ज्या गावात दहा घरांपैकी चार घरे दारूने मोडली, तेथे सशक्त माणसाने आपल्या एका घोटाचा हक्क सांगत बसू नये. रेखाबी लोकांनी पूर्वजांच्या शब्दासाठी द्राक्षारस वर्ज्य केला, तर आपण लेकरांसाठी एवढे का न करावे?

आमच्या उपदेशक बंधूंस तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली: व्यसनी मनुष्यास केवळ उपदेश करून किंवा खोलीत कोंडून दारू एकाएकी तोडावयास लावू नका. बहुत वर्षे भरपूर पिणाऱ्याने ती अचानक सोडली तर दोन-तीन दिवसांत हातपाय कापणे, भास होणे, झटके येणे असे प्रकार होतात, आणि त्यात प्राणही जाऊ शकतो. त्यास आधी डॉक्टरांकडे न्या. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आपल्या जिल्ह्यात आहे. व्यसन हे पाप आहे तसा तो रोगही आहे. त्यास पश्चात्ताप हवा तसे औषधही हवे. दुसरी: त्याच्या पत्नीची व मुलांची विचारपूस तो सुधारेपर्यंत थांबवू नका, मार त्यांनी खाल्लेला असतो, आणि लाजही त्यांनाच वाटते. तिसरी गोष्ट कठीण आहे. भट्टी लावून किंवा दारू विकून पोट भरणारी एखादी विधवा आपल्या मंडळीच्या उंबरठ्याशी असेल. तिला सहभागितेतून दूर करणे सोपे आहे. परंतु तिच्या चुलीवर उद्या काय शिजेल, हा प्रश्न मंडळीने आधी स्वतःस विचारावा. शिवणयंत्र, शेळी, कुक्कुटपालन, बचत गटातून थोडे भांडवल, जे जमेल ते उभे करावे, आणि मग तिला भट्टी विझविण्यास सांगावे.

कुमारप्पांनी ताडी काढणाऱ्याचा तिरस्कार केला नाही. त्याच्या मडक्यास चुना लावण्याची युक्ती त्यांच्या संघाने गावोगाव नेली. प्रभूने जकातदाराच्या घरी जेवण घेतले, तोच हा मार्ग आहे. आपल्या मंडळ्यांनी येत्या सुगीच्या सणास, लग्नात व बारशात गुळाच्या पाण्याने पाहुण्यांचे स्वागत करावे. आणि त्या पंक्तीत गावातील एका तरी व्यसनी भावास हाताला धरून बसवावे, अशी आमची सर्व वाचकांस प्रेमाची विनंती आहे.