सोफीची मेणबत्ती

परवा रात्री अकरा वाजता लेकीने वही आपटली. स्पर्धा परीक्षेच्या सरावातला प्रश्न होता. ५४५चा चौथा घात आणि ४चा ५४५वा घात यांची बेरीज मूळ संख्या आहे का? उत्तर ३२९ आकडी, कॅल्क्युलेटरही हात टेकतो. झोप आता, उद्या शाळा आहे, असं म्हणणारच होते, तर बेरीज ओळखीची वाटली. बी.एस्सी.नंतर वीस वर्षं दूध-वाण्याचेच हिशेब केलेत मी, पण सोफी जर्मेन कशी विसरेन?

आडनाव जर्मेन, पण बाई पॅरिसची. रेशमाच्या व्यापाऱ्याची मुलगी, जन्म १७७६चा. १७८९ मध्ये क्रांती पेटली आणि तेरा वर्षांची सोफी घरात अडकली. वडिलांच्या पुस्तकांत तिला आर्किमिडीजच्या मरणाची गोष्ट सापडली. ज्याच्या नादात माणूस मरणही विसरतो ते गणित आहे तरी काय, म्हणून ती शिकायला बसली. मुलीच्या जातीला हे वेड नको, म्हणून आईवडिलांनी रात्री तिच्या खोलीतली शेकोटी, मेणबत्त्या, गरम कपडे काढून घेतले. पोरीने मेणबत्त्या लपवून ठेवल्या. दौतीतली शाई गोठलेली आणि ही रजई गुंडाळून गणितं करतेय! शेवटी घरच्यांनीच हात टेकले.

१७९४ मध्ये पॅरिसला नवं तंत्र विद्यालय निघालं, पण मुलींना प्रवेश नाही. सोफीने टिपणं मिळवली आणि 'लब्लां' या पुरुषाच्या नावाने आपलं काम लाग्रांज या प्राध्यापकांना पाठवलं. त्यांनी खरी व्यक्ती शोधून काढली आणि कौतुकच केलं. पुढे जर्मनीतल्या गाउसलाही ती याच नावाने लिहायची. फ्रेंच फौज गाउसच्या गावात शिरली तेव्हा त्याला धक्का लागू नये म्हणून तिने ओळखीच्या सेनापतीला गळ घातली आणि त्यातून तिचं बिंग फुटलं.

पत्रे कंप कशी पावतात, या विषयावर तिने अकादमीकडे तीनदा निबंध पाठवला. तिसऱ्यांदा, १८१६ मध्ये, पारितोषिक मिळालं. ते घ्यायला ती गेलीच नाही. मला यात राग दिसतो.

आता संख्या. ११ मूळ, तिची दुप्पट अधिक एक म्हणजे २३, तीही मूळ. फर्माच्या कोड्यावर काम करताना सोफीला अशा जोड्या उपयोगी पडल्या. म्हणून ११सारख्या संख्यांना तिचं नाव आहे. २०१६ मध्ये अशी एक सापडली, ३,८८,३४२ आकडी! तिचं हे काम मात्र आधी छापलं गेलं ते लजांद्र यांच्या लेखनात, तळटिपेत.

१८३१ मध्ये स्तनाच्या कर्करोगाने ती गेली. मृत्यूच्या दाखल्यावर धंदा लिहिला होता, व्याजावर जगणारी बाई.

लेकीला मी लहान उदाहरण दिलं. ५चा चौथा घात ६२५, ४चा पाचवा घात १०२४, बेरीज १६४९, म्हणजे १७ गुणिले ९७. सोफीच्या नावाचं सूत्र अशा बेरजेचे दोन तुकडे पाडतं. ५४५चे तुकडे तूच पाड म्हटलं. साडेबाराला ओरडली, मूळ नाहीये गं आई! दिवा मी तिलाच बंद करू दिला.