एक टक्क्याचा उजेड

लग्नाची वरात असो, देवळातलं कीर्तन असो की जत्रेतला तमाशा. आमच्या लहानपणी गावात वीज नव्हती, पण गॅसबत्ती होती. तिच्यात रॉकेल ओतायचं, पंपानं हवा भरायची आणि वातीच्या जागी जाळीची छोटी पिशवी बांधायची. तिला सगळे मेंटल म्हणत. मेंटलचं सूत जळून जाई आणि उरलेला पांढरा सांगाडा लखलखू लागे. त्याला बोट लावलं की भुगा! जे जळून गेलं ते उजेड कसं देतं, हे कोडं तेव्हा सुटलं नव्हतं. ज्यानं ते रचलं त्याचं नाव कार्ल आउअर फॉन वेल्सबाख.

१ सप्टेंबर १८५८ रोजी व्हिएन्नात त्याचा जन्म झाला. वडील आलोइस शाही सरकारी छापखान्याचे संचालक. कार्ल दहा वर्षांचा असतानाच ते गेले. १८८० साली तो जर्मनीत हायडेलबर्गला रॉबर्ट बुन्सेन यांच्याकडे शिकायला गेला. शाळेच्या प्रयोगशाळेतला बर्नर ज्यांच्या नावानं ओळखला जातो, तेच हे बुन्सेन. ज्योतीतला प्रकाश लोलकातून पाहून मूलद्रव्य ओळखण्याची विद्या कार्लनं त्यांच्याकडून घेतली. मग तो दुर्मिळ मृदांच्या मागे लागला. ही मूलद्रव्यं एकमेकांना इतकी चिकटून असतात, की जुळी भावंडंही त्यांच्यापेक्षा वेगळी वाटावीत. डिडिमियम हे एकच मूलद्रव्य आहे, असं चाळीसेक वर्षं मानलं जात होतं. कार्लनं त्याचे स्फटिक पुन्हा पुन्हा विरघळवून, पुन्हा पुन्हा घडवून १८८५ साली त्यातून दोन मूलद्रव्यं वेगळी केली: प्रेसिओडिमियम आणि निओडिमियम.

त्याच वर्षी त्यानं मेंटलचं पेटंट घेतलं. सुताची जाळी या क्षारांच्या पाण्यात भिजवायची, वाळवायची आणि गॅसच्या ज्योतीवर धरायची. सूत जळतं, पण ऑक्साइडची जाळी तशीच उभी राहते आणि तापून प्रकाश देते. व्हिएन्नाजवळ कारखाना निघाला. पण उजेड हिरवट पडे, जाळी पटकन तुटे, गिऱ्हाईक परत येईना. १८८९ साली कारखाना बंद झाला. मी आयुष्यभर बँकेत कर्जाच्या फायली वाचल्या. खरं सांगतो, त्या वर्षी हा तिशीतला माणूस माझ्या टेबलासमोर बसला असता, तर त्याचा अर्ज मी अतिशय नम्रपणे परत केला असता.

तो मात्र प्रयोगशाळेत परतला. थोरियमचं ऑक्साइड त्याला आशादायक वाटत होतं. अधिक चांगला उजेड मिळावा म्हणून तो ते शुद्ध करत गेला, तर उजेड कमी कमी होऊ लागला! दुसरा कुणी वैतागला असता. कार्लनं उलटा हिशोब मांडला: आपण जो मळ म्हणून फेकतो आहोत, उजेड त्यातच असला पाहिजे. तो मळ म्हणजे सेरियम. नव्व्याण्णव टक्के थोरियम ऑक्साइड आणि एक टक्का सेरियम ऑक्साइड, हे प्रमाण ठरलं. थोरियम ज्योतीत न वितळता प्रचंड तापतं, पण स्वतः फारसं उजळत नाही. उजळतं ते सेरियम. त्याचं प्रमाण वाढवलं, तर उष्णता निसटून जाते आणि दिवा मंदावतो. ४ नोव्हेंबर १८९१ रोजी व्हिएन्नातल्या एका कॅफेबाहेर हे नवे दिवे लागले आणि विजेच्या दिव्यापुढे हरत चाललेल्या गॅसच्या दिव्याला नवं आयुष्य मिळालं.

गंमत म्हणजे, विजेच्या बाजूनंही हाच गडी खेळला. १८९८ साली त्यानं ऑस्मियम धातूच्या तारेचा बल्ब तयार केला. थोरियम काढून घेतल्यावर सेरियमचा गाळ ढिगानं पडून राही. त्यात लोखंड मिसळून १९०३ साली त्यानं ठिणगीचा दगड केला. सिगारेट लायटरमध्ये आजही तोच दगड असतो.

एक हिशोब मात्र चुकता झाला नाही. १९०७ साली इटर्बियममधून त्यानं आणखी एक मूलद्रव्य वेगळं केलं. त्याच सुमारास फ्रान्सच्या जॉर्ज उर्बां यांनीही तोच दावा केला. १९०९ साली आंतरराष्ट्रीय समितीनं उर्बां यांना मान दिला. उर्बां स्वतः त्या समितीचे सभासद होते! पुढे आउअरचे नमुने अधिक शुद्ध ठरले, पण नाव उर्बां यांनी दिलेलंच टिकलं: ल्युटेशियम. ४ ऑगस्ट १९२९ रोजी करिंथिया प्रांतातल्या आपल्या वाड्यात आउअर निवर्तला.

१९५६ साली ऑस्ट्रियाच्या वीस शिलिंगच्या नोटेवर त्याचं चित्र आलं. २००२ साली शिलिंग गेलं, युरो आला. युरोची नोट जांभळ्या दिव्याखाली धरली की काही धागे लाल चमकतात. ती लाली युरोपियमची, म्हणजे त्याच दुर्मिळ मृदांच्या कुळातली, असं नोट तपासणाऱ्या रसायनशास्त्रज्ञांचं म्हणणं आहे. आता तर या मूलद्रव्यांभोवती सेंद्रिय रेणूंची जाळी विणून, उष्णता सोसणारे आणि उजळणारे पदार्थ घडवले जात आहेत. जाळी बदलली, सुताची जागा रेणूंनी घेतली. नोटा तपासण्यात माझी उमेद गेली. पण मळ समजून बाजूला काढलेल्या एक टक्क्याकडे पुन्हा वळून पाहावं, हे मला या माणसानं निवृत्तीनंतर शिकवलं.