आधी शिवरायांच्या विरोधात लढलेले मुरारबाजी देशपांडे पुरंदरचे राखणदार कसे झाले?

हॉकी असो नाहीतर फुटबॉल, मॅच संपल्यावर नाव निघतं ते गोल मारणाऱ्याचं. मागे थांबून समोरच्याला अडवणारा डिफेंडर फारसा कुणाच्या लक्षात राहत नाही. महाड-पोलादपूरच्या पट्ट्यातल्या दोन वीरांच्या बाबतीतही थोडंफार असंच झालंय.

पोलादपूरजवळच्या उमरठचे तानाजी मालुसरे सगळ्यांना माहीत आहेत. त्यांनी किल्ला जिंकून दिला, त्यांच्यावर पोवाडे झाले, सिनेमे आले. शेजारच्या महाड तालुक्यातलं किंजळोली हे मुरारबाजी देशपांडे यांचं गाव मानलं जातं. त्यांच्याकडे काम होतं किल्ला राखायचं. शाळेत आपण त्यांच्याबद्दल वाचतो, पुरंदर आणि दिलेरखान एवढं डोक्यात राहतं आणि विषय तिथेच संपतो.

पण या माणसाची सुरुवात स्वराज्यात झालीच नव्हती. उलट ते महाराजांच्या फौजेसमोर तलवार घेऊन उभे होते.

तर झालं असं, की सतराव्या शतकात जावळीचा मुलूख मोऱ्यांकडे होता. आज ज्याला आपण महाबळेश्वर, पोलादपूर म्हणतो तो भाग, वरंध घाटाखालचं शिवथरचं खोरं, असा हा दाट जंगलाचा प्रदेश. कोकण आणि घाटमाथा जोडणाऱ्या वाटा इथूनच जात. मोरे विजापूरच्या आदिलशाहीचे सरदार, चंद्रराव हा त्यांचा किताब. मुरारबाजी याच मोऱ्यांच्या चाकरीत होते.

1656 च्या जानेवारीत महाराजांनी जावळीवर हल्ला केला. मोऱ्यांच्या बाजूने जे कडवेपणाने झुंजले त्यात मुरारबाजी होते. जावळी पडली, चंद्रराव रायरीवर पळाला आणि काही महिन्यांत रायरीही गेली. हीच रायरी म्हणजे पुढचा रायगड.

आता हरलेल्या धन्याच्या माणसाचं काय करायचं? त्या काळात याचं उत्तर बऱ्याचदा तलवारीने दिलं जायचं. महाराजांनी मात्र या माणसाची लढाई पाहिली होती. त्यांनी मुरारबाजींना आपल्याकडे घेतलं. यात मनाचा मोठेपणा होताच, पण माझ्या मते व्यवहारही होता. बुडत्या धन्यासाठी शेवटपर्यंत लढणारा माणूस किल्ल्यावर ठेवायला सगळ्यात चांगला.

आणि किल्ल्यावरचं काम सोपं नव्हतं. स्वराज्यात एका गडाचा कारभार एकाच माणसाच्या हातात देत नसत. हवालदार, सबनीस, सरनोबत असे अधिकारी असायचे, त्यांनी एकमेकांवर नजर ठेवायची. म्हणजे एक जण फितूर झाला तरी गड जाऊ नये. धान्य, पाणी, दारूगोळा, पहारे, रात्री बंद होणारे दरवाजे, रोजचं हेच. वर्षानुवर्षं काहीच घडलं नाही, तर काम चोख चाललंय असं समजायचं.

मुरारबाजींकडे आला तो पुरंदर. पुण्याच्या दक्षिणेला, वर बालेकिल्ला, खाली माची, आणि शेजारी खिंडीपलीकडे जोडकिल्ला वज्रगड. संभाजीराजांचा जन्म 1657 साली इथलाच.

1665 च्या मार्चमध्ये मिर्झाराजे जयसिंग पुण्यात येऊन पोहोचले. शाहिस्तेखानाची बोटं गेली होती, सुरत लुटली गेली होती. औरंगजेबाला आता हे प्रकरण संपवायचं होतं. जयसिंगांनी ओळखलं की मुलूख जाळत फिरण्यापेक्षा एक मोठा किल्ला मोडला तर बाकीचं सोपं होईल. म्हणून मार्च संपता संपता दिलेरखान पुरंदरला वेढा घालून बसला.

मोगलांनी आधी हात घातला वज्रगडाला. कारण तो हाती आला की तिथून तोफा थेट पुरंदरच्या माचीवर चालतात. मोठ्या तोफा डोंगरावर चढवायला दिवसच्या दिवस लागले, पण त्या चढल्या. एप्रिलच्या मध्याला वज्रगड पडला. जयसिंगांनी तिथल्या शिबंदीला मारलं नाही, सोडून दिलं. पुरंदरवरच्या लोकांनी ते बघावं आणि शरण यावं, हा हिशोब.

पुरंदरवाले शरण आले नाहीत.

पुढची हकिगत मुख्यतः सभासद बखरीतून येते. कृष्णाजी अनंत सभासदाने ती साधारण तीस वर्षांनी, राजाराम महाराजांच्या काळात जिंजीला लिहिली. त्यामुळे आकडे थोडे सावधपणे घ्यायचे. बखर सांगते की गडावर साधारण दोन हजार माणूस होतं. दिलेरखानाचे पठाण गड चढायला लागले तेव्हा मुरारबाजींनी त्यातली 700 निवडली आणि आत थांबण्याऐवजी दरवाजा उघडून खाली झेप घेतली.

बचाव करणाऱ्याने बाहेर का पडावं? वेढ्यात आतल्यांचं बळ रोज घटत जातं आणि बाहेरच्यांची कुमक येतच राहते. भिंती ढासळायची वाट बघत बसायचं, की शत्रूचा मोर्चाच उधळून चार दिवस मिळवायचे, हे ठरवावं लागतं. मुरारबाजींनी दुसरा रस्ता धरला आणि तो थेट दिलेरखानाच्या तळापर्यंत नेला. पाचशे पठाण या झटापटीत पडले, असं बखर म्हणते.

दिलेरखान ही लढाई बघत होता. त्याने मुरारबाजींना कौल देऊ केला. हत्यार ठेवा, मोगलांकडे या, मोठ्या हुद्द्यावर घेऊ, असा त्याचा मतलब.

इथे थोडं थांबून बघा. नऊ वर्षांपूर्वी जावळीत याच माणसाने हरलेली बाजू सोडून जिंकणाऱ्याची चाकरी पत्करली होती. त्या काळच्या रिवाजात पुन्हा तसं केलं असतं तर फारसं कुणी बोट दाखवलं नसतं. अनेक मराठे सरदार तेव्हा मोगलांच्या फौजेत होतेच. फरक इतकाच की जावळीत चंद्रराव पळाला होता आणि मोऱ्यांची सत्ता संपली होती. इथे धनी उभा होता, गड उभा होता आणि मागे गडावर माणसं होती. मुरारबाजींनी कौल धुडकावला आणि ते खानावरच चालून गेले. खानाने स्वतः बाण मारून त्यांना पाडलं, असं बखर सांगते. त्यांच्यासोबत तीनशे मावळे पडले, उरलेले गडावर परतले. 16 मे हा त्यांचा स्मृतिदिन म्हणून पाळला जातो.

गंमत म्हणजे किल्लेदार पडला तरी किल्ला पडला नाही. उरलेली माणसं लढतच राहिली. माचीचे बुरुज एकेक करून जात होते, पण बालेकिल्ला जूनपर्यंत झुंजला. शेवटी महाराजांनीच माणसं वाचवायचं ठरवलं. 11 जूनला ते जयसिंगांना भेटले आणि पुरंदरचा तह झाला. 23 किल्ले आणि चार लाख होनांचा मुलूख गेला, 12 किल्ले राहिले. म्हणजे पुरंदर लढून गेला नाही, तहात द्यावा लागला.

तहात गेलेल्या त्या 23 किल्ल्यांमध्ये कोंढाणाही होता. तोच परत घेताना 1670 च्या फेब्रुवारीत तानाजी पडले. महिन्याभरात, मार्चमध्ये, निळोपंत मुजुमदारांनी पुरंदरही परत आणला.

आज पुरंदर लष्कराच्या ताब्यात आहे, वर जायचं तर ओळखपत्र सोबत ठेवावं लागतं. माचीवर मुरारबाजींचा पुतळा आहे, दोन्ही हातांत तलवारी घेतलेला. बहुतेक जण तिथे फोटो काढून बालेकिल्ल्याकडे निघतात. तुम्ही गेलात तर आधी समोरचा वज्रगड नीट बघा. तोफा तिथून चालल्या होत्या.