दुष्काळाची लेक, अनाथांची माय : पंडिता रमाबाई

आमचे ईट गाव भूम तालुक्यात आहे. पावसाने डोळे वटारणे आम्हांला नवे नाही. बहात्तरच्या दुष्काळात माझी आजी परकरी पोर होती. आईबरोबर ती खडीच्या कामावर जाई आणि मिळालेली सुकडी धाकट्या भावंडांसाठी राखून आणी. तिच्या तोंडून हे ऐकत मी वाढले. म्हणूनच ग्रंथालयात पंडिता रमाबाईंचे चरित्र हाती आले, तेव्हा ते खाली ठेववेना.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून पत्नीला संस्कृत शिकविले. तीच विद्या आईने रमाबाईंना दिली. पुराणे सांगत हे कुटुंब तीर्थोतीर्थी हिंडे. १८७० नंतरच्या दुष्काळात वडील गेले, आई गेली, पाठोपाठ बहीणही गेली. तेव्हा रमाबाई विशीच्या आतच होत्या, म्हणजे जवळजवळ माझ्याच वयाच्या! भावासोबत पायपीट करीत त्या १८७८ साली कलकत्त्यास पोहोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. पण १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधवी यांच्याशी विवाह झाला, आणि १८८२ मध्ये पटकीने तेही गेले. पदरी उरली तान्ही मनोरमा.

१८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. तेथे समाजाने टाकलेल्या स्त्रियांची मायेने सेवा करणाऱ्या ख्रिस्ती भगिनी त्यांनी पाहिल्या. येशू आणि शोमरोनी स्त्रीची कथा त्यांनी ऐकली. पतितेलाही जवळ घेणारा देव असू शकतो, या विचाराने त्यांच्या पोळलेल्या मनाला आधार मिळाला. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

त्याची किंमत त्यांना मोजावी लागली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत त्यांनी विधवांसाठी शारदा सदन काढले. पुढे ते पुण्यास आले. मुली ख्रिस्ती होतात असा गदारोळ १८९३ मध्ये उठला आणि रानडे, भांडारकरांसारखे पाठीराखे दूर झाले. रमाबाईंनी मात्र काम सोडले नाही. याच सदनातील पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी झाल्या.

१८९६-९७ मध्ये पुन्हा दुष्काळ पडला. ज्या भुकेने आपले घर पुसून टाकले, तिच्याच तोंडातून दुसऱ्यांच्या लेकी सोडवायला रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. शेकडो मुली व विधवा त्यांनी पुणे जिल्ह्यातील केडगावला आणल्या. तेथे मुक्ती सदन उभे राहिले. शेती, विणकाम, छपाई शिकून त्या मुली स्वतःच्या पायांवर उभ्या राहिल्या. हिब्रू व ग्रीक शिकून रमाबाईंनी बायबल साध्या मराठीत आणले. १९२१ मध्ये मनोरमाही गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. गेल्या वर्षी सोयाबीन हातचे गेले, तेव्हा माझे शिक्षण थांबवावे असे घरात बोलणे निघाले होते. आजीने ते थांबू दिले नाही. मी ख्रिस्ती नाही. रमाबाईंनी धर्म का बदलला, हे मला पूर्वी कोडेच वाटे. आता एवढे समजते की श्रद्धेने त्यांचे एकही दुःख टळले नाही. पण त्या दुःखातून दुसऱ्याचे दुःख ओळखणारी दृष्टी त्यांना मिळाली. सुकडी राखून आणणाऱ्या माझ्या आजीलाही ती होती.

त्या थोर माउलीच्या स्मृतीस माझे विनम्र अभिवादन.