सुलतान खान आणि एका घराची चाल

आजोबांबरोबर बुद्धिबळाचा पट मांडलात तर पहिला वाद बहुधा प्याद्यावरून होईल. स्पर्धेत प्यादे पहिल्या चालीला दोन घरे जाऊ शकते, जुन्या देशी डावात मात्र एकच. तिथे आजच्यासारखा किल्लेकोट नसतो. राजाला एकदाच घोड्याची अडीच घरांची उडी मिळते.

मीर सुलतान खान या देशी डावात वाढले. ते पंजाबातील मिठा टिवाना गावचे (आता पाकिस्तानात). नवव्या वर्षी वडिलांनी त्यांना खेळ शिकवला. पुढे जमीनदार सर उमर हयात खान यांनी आश्रय दिला व पाश्चात्त्य नियम शिकवण्याची सोय केली. १९२८ साली ते अखिल भारतीय विजेते झाले आणि १९२९ मध्ये लंडनला गेले. तिथे सुरुवातीच्या चालींत ते मागे पडत, कारण इतरांचा तो अभ्यास लहानपणापासूनचा होता. विंटर व येट्स या खेळाडूंनी त्यांचा सराव घेतला. त्याच वर्षी ते ब्रिटिश विजेते झाले, पुढे १९३२ व १९३३ मध्येही.

त्यांचा गाजलेला डाव १९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेतला. समोर माजी जगज्जेते कापाब्लांका. सुरुवात 'क्वीन्स इंडियन' प्रकारची होती. पाचव्या चालीला सुलतान खानांनी वजिराच्या बाजूचे कडेचे प्यादे एकच घर पुढे सरकवले. काळ्या उंटाने येऊन घोड्याला जखडू नये, एवढ्यासाठी! पुढे हीच पद्धत जगज्जेते पेट्रोशियन यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. एकविसाव्या चालीला काळ्याचा हत्ती आत घुसला, मागोमाग दुसरा. सुलतान खानांनी वजीर देऊन दोन्ही हत्ती घेतले. मग काळ्याचा वजीर पटाच्या कडेला येरझाऱ्या घालत राहिला आणि पांढरा राजा सावकाश सुरक्षित जागी गेला. ६५ चालींनंतर कापाब्लांका हरले. स्पर्धेत सुलतान खान तिसरे आले.

इंग्लंडची थंडी त्यांना सोसली नाही. ते वारंवार आजारी पडत. १९३३ च्या डिसेंबरात सर उमर यांच्याबरोबर ते परतले. १९३५ मध्ये आपल्या व्ही. के. खाडिलकरांशी ते दहा डाव खेळले; खाडिलकरांना एकच बरोबरी मिळाली. नंतर मोठ्या स्पर्धांत ते दिसले नाहीत, गावी शेती पाहिली. २५ एप्रिल १९६६ रोजी सरगोधा येथे क्षयाने त्यांचे निधन झाले. जागतिक बुद्धिबळ संघटनेने त्यांना सन्माननीय ग्रँडमास्टर किताब दिला तो २०२४ मध्ये, म्हणजे ५८ वर्षांनी.