सेतू ख्रिस्तींचा, नाव व्हीटस्टन यांचे
रोधकावर छापलेले मूल्य खरे आहे का, हे पडताळणाऱ्या ‘व्हीटस्टन सेतू’मुळे सर चार्ल्स व्हीटस्टन विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना परिचित आहेत. १८०२ मध्ये ग्लॉस्टरजवळ जन्मलेले व्हीटस्टन मूळचे वाद्यनिर्माते, कॉन्सर्टिना त्यांचीच. १८३४ मध्ये ते लंडनच्या किंग्ज कॉलेजात प्राध्यापक झाले. मात्र व्याख्यान देण्याचा त्यांना विलक्षण संकोच होता.

सेतूची रचना सॅम्युअल ख्रिस्ती यांनी १८३३ मध्येच मांडली होती. चारपैकी तीन रोध ज्ञात असावेत, गॅल्व्हानोमीटरचा काटा शून्यावर आणावा, की चौथा गणिताने मिळतो. १८४३ मध्ये व्हीटस्टन यांनी तिची उपयुक्तता दाखवली आणि श्रेय ख्रिस्तींना दिले. तारयंत्राच्या श्रेयावरून भागीदार कूक यांच्याशी वाद घालणाऱ्या माणसाचे हे औदार्य विशेषच! तरीही नाव चिकटले ते त्यांचेच. १८७५ मध्ये पॅरिस येथे त्यांचे निधन झाले.