भिंतीवरचे गाडगेबाबा आणि भिंतीखालचा माणूस

चित्रपट आणि मालिका साध्या माणसाच्या असाव्यात, असे आज सारेच म्हणतात. पण कॅमेरा खेड्यापाड्यात पोहोचण्याच्या कितीतरी आधी साध्या माणसाला कथेचा नायक करणारा एक निरक्षर माणूस आमच्या वऱ्हाडात होऊन गेला. त्याचे नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर, अर्थात संत गाडगेबाबा.

२३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी एका परिटाच्या घरात डेबूजीचा जन्म झाला. बाप दारूपायी लवकर गेला. आई सखूबाई लेकराला घेऊन माहेरी, आजच्या अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूर तालुक्यात दापुऱ्याला आली. तिथे डेबूजीने गुरे राखली, नांगर धरला. पुढे मामाची जमीन सावकाराच्या कर्जात गेली. आम्ही कोर्टात वावरणारे लोक जाणतो की, वाचता न येणाऱ्याचा अंगठा कागदावर उमटला की पुढे त्याचे कोणी ऐकत नाही. दारूने बाप नेला, कर्जाने जमीन नेली. हे दोन धडे डेबूजी जन्मभर विसरला नाही. मुलीच्या बारशाला दारू-मटणाचा रिवाज मोडून त्याने जातभाईंना गोड जेवण घातले.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी त्याने घर सोडले. अंगावर चिंध्यांचे कपडे, डोक्यावर गाडग्याचे खापर, हातात खराटा. ज्या गावी जायचे ते गाव दिवसा झाडायचे आणि रात्री तिथेच कीर्तन करायचे. इतर कीर्तनकार पुराणातले आख्यान लावीत. बाबांचे आख्यान म्हणजे समोर बसलेल्या माणसाचे घर. लग्नासाठी काढलेले कर्ज, नवसाला कापलेले बकरे, दारूचा गुत्ता, शाळेत न गेलेले पोर आणि पाण्यावरची शिवाशिव, हे सारे ते वऱ्हाडी बोलीत प्रश्न विचारून श्रोत्यांच्याच तोंडून वदवून घेत. श्रोता हसता हसता खजील होई. पाया पडू द्यायचे नाही, शिष्य करायचा नाही, असा त्यांचा खाक्या होता. लोकवर्गणीतून त्यांनी धर्मशाळा, शाळा, वसतिगृहे उभारली. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले आणि अवघ्या चौदा दिवसांनी, २० डिसेंबरला, अमरावतीजवळ वलगावच्या वाटेवर बाबांनीही देह ठेवला.

१९७७ साली राजदत्त यांनी ‘देवकीनंदन गोपाला’ या चित्रपटातून हे जीवन पडद्यावर आणले. बाबांची भूमिका केली देव न मानणाऱ्या डॉ. श्रीराम लागूंनी. आम्हाला यात विसंगती दिसत नाही. बाबांचे मोठेपण समजायला भक्ताचे डोळे लागत नाहीत, कष्टाची कदर लागते.

२०१३ च्या नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’त बाबा पुन्हा दिसतात, ते भिंतीवरच्या चित्रात. बाबासाहेब आणि सावित्रीमाई यांच्या चित्रांच्या रांगेत तेही आहेत आणि त्याच भिंतीसमोरून कैकाडी समाजाचा शाळकरी जब्या आपल्या घरच्यांसोबत पकडलेले डुक्कर वाहून नेतो. भिंतीवर परिवर्तनाचा वारसा आणि भिंतीखाली जातीने लादलेले काम. एक शब्द न बोलता ते दृश्य सगळ्या समाजाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करते.

आमची तक्रार नेमकी इथेच आहे. २०००-०१ पासून बाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान चालले, २००५ साली अमरावती विद्यापीठाला त्यांचे नाव मिळाले. याचा आम्हाला आनंदच आहे. पण व्यवस्थेने त्यांचा खराटा तेवढा उचलला आणि सावकारी, शिक्षण, जात यांवरचे त्यांचे प्रश्न भिंतीवर टांगून ठेवले. पडद्यावरही तेच होण्याचा धोका आहे. बाबांच्या डोक्यामागे तेजोवलय दाखविले की डेबूजी दिसेनासा होतो आणि कर्जात बुडालेला वऱ्हाडातला आजचा कापूस उत्पादकही.

म्हणून कार्यकर्त्यांना आमचे आवाहन आहे. येत्या २० डिसेंबरला हार घालून घरी परतू नका. विहारात, समाजमंदिरात हे दोन्ही चित्रपट दाखवा. दिवे लागले की बाबांच्या पद्धतीने समोरच्यांना प्रश्न विचारा. वस्तीतल्या किती पोरांची शाळा सुटली? किती जणांनी न वाचता कागदावर सही केली? उत्तरे लिहून घ्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या घरांची दारे ठोठवा.